डिस्क डबल, पण किती रुपयाला? हार्ड डिस्क कॉम्प्रेस करण्याची गोष्ट



विंडोजमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा. खाली एक छोटा चौकोन दिसेल. त्याच्यापुढे लिहिलेलं असतं की डिस्कवरची जागा वाचवायची असेल तर हा ड्राइव्ह कॉम्प्रेस करा. बस, एक टिक मारायची. पैसे नाहीत, नवीन डिस्क नाही, काहीच नाही. मग सगळे लोक ती टिक का मारत नाहीत? आणि इतकी वर्षं मायक्रोसॉफ्टनं तो चौकोन तिथे ठेवलाय तरी कशाला?

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे मित्रमंडळी, नातेवाईक सगळे हा प्रश्न मलाच विचारतात. लॅपटॉप भरला की फोन येतो, "अरे, ते कॉम्प्रेस करू का?" एका वाक्यात उत्तर देता येतं, आणि ते मी शेवटी देणारच आहे. पण ते उत्तर असं का आहे, हे कळायला १९९० च्या दशकात जावं लागतं. कारण तेव्हा हा चौकोन नव्हता, तर हा एक मोठा धंदा होता. त्यावर एका छोट्या कंपनीनं मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं, जिंकलं, आणि तरीही तिचा तो धंदा संपला.

आधी मूळ आयडिया

कॉम्प्रेशन म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे आरतीसंग्रहाची छोटी पुस्तकं असतात ना, ती आठवा. धृपद पहिल्यांदा पूर्ण छापतात. पुढच्या प्रत्येक कडव्यानंतर नुसतं ॥धृ॥. वाचणाऱ्याला कळतं की इथे वरची ओळ परत म्हणायची. शब्द एकही गेला नाही, पण कागद वाचला. सरकारी कागदांतलं "वरीलप्रमाणे" हेही तेच.

१९७७ मध्ये इस्राएलमधल्या हैफाच्या टेक्निऑन या संस्थेतल्या दोन प्राध्यापकांनी, याकोब झिव्ह आणि अब्राहम लेम्पेल यांनी, हीच गोष्ट गणितात बसवली. फाइल वाचत जायची. आत्ता समोर आलेला तुकडा मागे कुठे येऊन गेलाय का बघायचं. आला असेल तर तो परत लिहायचा नाही, फक्त "इतकी अक्षरं मागे जा, तिथून इतकी अक्षरं उचल" एवढंच लिहायचं. या पद्धतीला एलझेड७७ म्हणतात. पुढच्याच वर्षी त्यांनी दुसरी पद्धत मांडली, ती एलझेड७८. झिप फाइल, पीएनजी चित्रं, वेबपेज दाबून पाठवणारं जीझिप, या सगळ्यांच्या मुळाशी एलझेड७७ आहे. दोघेही प्राध्यापक २०२३ मध्ये, काही आठवड्यांच्या अंतरानं गेले. त्यांचं गणित मात्र तुम्ही हे वाचताय त्या फोनमध्ये आत्ताही चालू आहे.

एक गोष्ट इथेच पक्की करून घेऊ, कारण पुढे सगळा घोळ याच्यावरच होणार आहे. प्रत्येक फाइल दाबून लहान करता येईल अशी पद्धत असूच शकत नाही. ही तंत्रज्ञानाची कमतरता नाही, साधी मोजणी आहे. तीन बिटांच्या वेगवेगळ्या फाइल्स किती? आठ. त्याहून लहान फाइल्स किती? दोन बिटांच्या चार, एका बिटाच्या दोन, आणि एक रिकामी. एकूण सात. आठ वस्तू, सात खण. प्रत्येक वस्तूला स्वतंत्र खण हवा असेल तर एक बाहेर राहणारच. ज्या फाइलमध्ये पुनरावृत्ती आहे ती दाबली जाते. जिच्यात नाही, ती दाबली जात नाही, उलट कधी कधी किंचित मोठी होते. आणि एकदा नीट दाबलेल्या फाइलमध्ये पुनरावृत्ती उरतच नाही. म्हणून झिपची पुन्हा झिप करून काही हाती लागत नाही.

१९९०: जागा महाग, प्रोसेसर मोकळा

आता तो काळ डोळ्यासमोर आणा. १९९० च्या सुमारास पीसीत ४० एमबीची हार्ड डिस्क म्हणजे बऱ्यापैकी मानली जायची. आज व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एखादा लग्नाचा व्हिडिओ त्याहून मोठा असतो. एका एमबीला तेव्हा काही डॉलर मोजावे लागायचे. त्यात विंडोज ३.० आलं, मोठमोठे प्रोग्रॅम आले, आणि डिस्क भराभर भरू लागल्या.

कॅलिफोर्नियातली स्टॅक इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी मुळात चिप्सची. बॅकअपच्या टेप ड्राइव्हसाठी डेटा दाबणाऱ्या चिप्स ती बनवायची. १९९० मध्ये तिनं स्टॅकर नावाचं प्रॉडक्ट आणलं. दावा सरळ होता: तुमची डिस्क दुप्पट. पाहिजे तर सोबत एक कार्ड मिळायचं, दाबण्याचं काम ते करायचं. कार्ड नको असेल तर नुसत्या सॉफ्टवेअरवरही भागायचं.

याची युक्ती भारी होती. स्टॅकर एकेक फाइल सुटी दाबत नव्हता. तो डिस्कवर एकच प्रचंड फाइल बनवायचा, आणि एक ड्रायव्हर त्या फाइललाच डिस्क म्हणून डॉससमोर उभा करायचा. डॉसला वाटायचं, हा आपला नेहमीचा सी ड्राइव्ह. प्रत्यक्षात वाचताना ड्रायव्हर तुकडे सोडवून द्यायचा, लिहिताना दाबून ठेवायचा. वापरणाऱ्याला काही करावं लागत नव्हतं.

वेगाचं काय? इथे बऱ्याच जणांचा अंदाज चुकतो. सगळ्यांना वाटतं, कॉम्प्रेस केलं म्हणजे कॉम्प्युटर हळू होणार. पण समजा डिस्क सेकंदाला अर्धा एमबी वाचतेय आणि तुम्हाला एक एमबीची फाइल हवीय. साध्या डिस्कवर दोन सेकंद. तीच फाइल दाबून निम्मी झाली असेल तर वाचायला एकच सेकंद. आता ती सोडवायला प्रोसेसरला एका सेकंदापेक्षा कमी वेळ लागत असेल, तर तुम्ही फायद्यात! त्यामुळे जुन्या, मंद प्रोसेसरवर मशीन रेंगाळायचं, आणि ४८६ वर कधी कधी वेग वाढायचासुद्धा. हा हिशोब लक्षात ठेवा. कॉम्प्रेशन परवडतं की नाही हे डिस्क आणि प्रोसेसर यांच्यात कोण जास्त मंद आहे यावर ठरतं.

आणखी एक छुपा फायदा होता. डॉसची फॅट पद्धत जागा ठरावीक मापाच्या डब्यांत वाटायची, त्यांना क्लस्टर म्हणतात. १२८ ते २५५ एमबीच्या पार्टिशनवर एक डबा ४ केबीचा, आणि १ जीबीच्या वर गेलं की तब्बल ३२ केबीचा. म्हणजे एका केबीची फाइल ठेवली तरी ३२ केबी गेले. डब्यात चमचाभर लोणचं, पण डबा अडकला तो अडकलाच. कॉम्प्रेस केलेल्या ड्राइव्हवर जागा ५१२ बाइट्सच्या छोट्या तुकड्यांत दिली जायची, त्यामुळे हे वाया जाणं थांबायचं. "डिस्क डबल" मधला काही भाग कॉम्प्रेशनचा नव्हताच, नीट आवरून ठेवण्याचा होता.

मायक्रोसॉफ्ट मैदानात

१९९१ मध्ये डॉसचा प्रतिस्पर्धी डीआर-डॉस ६.० बाजारात आला, तो सुपरस्टोर नावाचं डिस्क कॉम्प्रेशन आतच घेऊन. आता मायक्रोसॉफ्टला गप्प बसणं शक्य नव्हतं. त्यांनी स्टॅकशी बोलणी केली. स्टॅकचे प्रमुख गॅरी क्लाउ यांना त्यांच्या तंत्रज्ञानासाठी रॉयल्टी हवी होती. बोलणी फिसकटली. मायक्रोसॉफ्टनं व्हर्टिसॉफ्ट नावाच्या कंपनीचं तंत्रज्ञान घेतलं आणि मार्च १९९३ मध्ये एमएस-डॉस ६.० बाजारात आणलं. त्यात होतं डबलस्पेस, डॉसबरोबर फुकट.

स्टॅकनं त्याच्या आधीच, जानेवारी १९९३ मध्ये, पेटंट उल्लंघनाचा खटला भरला होता. फेब्रुवारी १९९४ मध्ये ज्यूरीनं निकाल दिला: मायक्रोसॉफ्टनं स्टॅकला १२ कोटी डॉलर द्यावेत. पण गोष्ट एवढी सरळ नाही. मायक्रोसॉफ्टनंही उलट दावा लावला होता. एमएस-डॉस ६ सुरू होताना कॉम्प्रेशनचा ड्रायव्हर आधीच लोड करण्याची एक सोय होती. मायक्रोसॉफ्टनं ती जाहीर केलेली नव्हती, आणि स्टॅकनं ती उकलून वापरली होती. त्याबद्दल ज्यूरीनं स्टॅकलाही १.३६ कोटी डॉलर भरायला सांगितले. म्हणजे दोन्हीकडचे हात अगदी धुतलेले नव्हते.

आता आवृत्त्यांचा खेळ बघा. एमएस-डॉस ६.२ मध्ये डबलस्पेस होतं. निकालानंतर आलेल्या ६.२१ मधून ते काढून टाकलं. ६.२२ मध्ये वेगळ्या पद्धतीनं लिहिलेलं ड्राइव्हस्पेस आलं. एका खटल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिममधून एक अख्खी सोय गायब झाली आणि नाव बदलून परत आली. जून १९९४ मध्ये तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टनं ४.३ कोटी डॉलर रॉयल्टी द्यायची आणि शिवाय जवळपास ४ कोटी डॉलरचे स्टॅकचे शेअर्स घ्यायचे, असं ठरलं.

आणि लोकांच्या फाइल्सचं काय?

खटल्याची गोष्ट सगळे सांगतात. पण मला या इतिहासातला खरा महत्त्वाचा भाग वेगळा वाटतो. एमएस-डॉस ६.० वापरणाऱ्या काही लोकांचा डेटा गेला. तक्रारी आल्या, अमेरिकेतल्या कॉम्प्युटर मासिकांतून गाजल्या, आणि सगळा ठपका डबलस्पेसवर बसला.

त्यातली एक भानगड समजून घेण्यासारखी आहे. डॉससोबत स्मार्टड्राइव्ह नावाचा कॅश प्रोग्रॅम चालायचा. तुम्ही फाइल सेव्ह केली की तो ती लगेच डिस्कवर लिहीत नव्हता. थोडा वेळ मेमरीत धरून ठेवायचा आणि सवडीनं लिहायचा. वेग वाढायचा, पण तुम्ही प्रोग्रॅम बंद केला, समोर सी प्रॉम्प्ट दिसला, तुम्हाला वाटलं काम झालं, आणि तुम्ही बटण बंद केलं. किंवा लाइट गेली. मेमरीत राहिलेलं गेलं. साध्या डिस्कवर अशा वेळी बहुधा एखाददुसरी फाइल बिघडायची. पण इथे तुमचा अख्खा सी ड्राइव्ह म्हणजे एकच मोठी फाइल! तिच्या आतल्या हिशोबाच्या नोंदी अर्धवट राहिल्या, तर कुठला तुकडा कुणाचा हेच कळेनासं व्हायचं. घरातला सगळा ऐवज एकाच पेटीत, आणि पेटीची यादीच फाटली, असा प्रकार.

मायक्रोसॉफ्टनं ६.२ मध्ये हे दुरुस्त केलं. लिहिणं पूर्ण झाल्याशिवाय प्रॉम्प्ट परत दिसायचा नाही. डिस्क तपासणारा स्कॅनडिस्क आला. डबलस्पेसच्या मेमरीवर दुसऱ्या प्रोग्रॅमनं अतिक्रमण केलं तर मशीन थांबवणारी डबलगार्ड ही सोय आली. म्हणजे कॉम्प्रेशनचं गणित चूक नव्हतं. चुकीची होती ती त्याच्याभोवतीची मांडणी.

दुसरी अडचण आकड्यांची. कॉम्प्रेस केलेल्या ड्राइव्हवर "मोकळी जागा" किती दाखवायची? पुढे तुम्ही काय टाकणार आहात हे कॉम्प्युटरला कसं कळणार? मग तो अंदाज करायचा. खरी २० एमबी शिल्लक असेल आणि दुप्पट धरलं, तर ४० दाखवायचा. तुम्ही विश्वासानं ३० एमबीच्या झिप फाइल्स टाकायला गेलात की मध्येच "डिस्क फुल". मगाशी बोललो ना, आठ वस्तू आणि सात खण, ते इथे आडवं यायचं.

तिसरी अडचण मेमरीची. डॉसमध्ये प्रोग्रॅम चालायचे ते ६४० केबीत. त्यातले चाळीस-पन्नास केबी हा ड्रायव्हर खायचा. तो वरच्या मेमरीत ढकलता आला तर ठीक, नाहीतर मोठे गेम चालायचेच नाहीत. डिस्क दुप्पट झाली, पण ज्याच्यासाठी केली तो गेमच बंद!

दुप्पट करण्याचं वेड

या सगळ्यातून बाजाराला "दुप्पट" हा शब्द फार आवडला. १९९५ मध्ये सिंक्रोनिस नावाच्या कंपनीनं सॉफ्टरॅम९५ आणलं. हे म्हणे तुमची रॅम दुप्पट करणार. लाखो प्रती खपल्या. जाणकारांनी ते उघडून तपासलं, तर ते रॅम कॉम्प्रेस करतच नव्हतं! अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं कारवाई केली. आज प्ले स्टोअरवर "फोन बूस्टर", "स्टोरेज दुप्पट" असली अ‍ॅप्स दिसली की मला हेच आठवतं. चांगल्या तंत्रज्ञानाच्या सावलीत भामटे कायम उभे असतात.

मग हे संपलं कशामुळे?

स्टॅकरला शेवटी कोर्टानं हरवलं नाही, मायक्रोसॉफ्टनंही एकट्यानं नाही. त्याला हरवलं स्वस्ताईनं. दशकाच्या सुरुवातीला एमबीला काही डॉलर पडायचे, दशक संपता संपता काही सेंट. डिस्क मोजण्याची भाषा एमबीवरून जीबीवर गेली. दुप्पट करण्यासाठी जोखीम घेण्यापेक्षा नवीन डिस्क घेणं सोपं झालं. ड्राइव्हस्पेस विंडोज ९५ मध्येही होतं, पण मोठ्या डिस्कसाठी आलेल्या फॅट३२ ला त्यानं कधी साथ दिली नाही.

दुसरं म्हणजे फाइल्सच बदलल्या. जेपीजी फोटो, एमपीथ्री गाणी, व्हिडिओ. या सगळ्या जन्मतःच दाबलेल्या. त्यांच्यात पुनरावृत्ती शिल्लकच नसते, मग ड्राइव्ह कॉम्प्रेस करून मिळणार काय?

स्टॅकची एलझेडएस ही पद्धत मात्र नेटवर्कच्या जगात पुढे बरीच वर्षं वापरात राहिली. दुकान गेलं, माल टिकला.

आजचा हिशोब

म्हणजे डिस्क कॉम्प्रेशन मेलं? अजिबात नाही. ते शहाणं झालं.

१९९५ च्या विंडोज एनटी ३.५१ पासून एनटीएफएसमध्ये कॉम्प्रेशन आलं, तोच तो चौकोन. इथे एक मोठी फाइल वगैरे भानगड नाही. प्रत्येक फाइल वेगळी, आणि तिचेही साधारण ६४ केबीचे तुकडे करून प्रत्येक तुकडा स्वतंत्र दाबतात. एखाद्या तुकड्यात जागा वाचत नसेल तर तो आहे तसा ठेवतात. एक तुकडा बिघडला तरी सगळा ड्राइव्ह जात नाही. १९९३ चा धडा इथे पूर्ण शिकलेला दिसतो. विंडोज १० मध्ये कॉम्पॅक्ट ओएस आलं. ते फक्त सिस्टिमच्या फाइल्स दाबतं, ज्या वारंवार वाचल्या जातात पण क्वचितच बदलतात. ३२ जीबीच्या स्वस्त लॅपटॉपना त्याचा खरा उपयोग होतो.

लिनक्सच्या जगात झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टिम्स कॉम्प्रेशन सहज करतात, एलझेड४ किंवा झेडस्टँडर्ड वापरून. सर्व्हरवरच्या लॉग फाइल्स मी स्वतः रोज बघतो. त्याच त्या तारखा, तेच ते शब्द, ओळीमागून ओळ. १० जीबीचा लॉग १ जीबीच्या आसपास येणं यात काही विशेष नाही. तिथे कॉम्प्रेशन न करणं म्हणजे पैसे जाळणं.

आणि तुमचा फोन? अनेक अँड्रॉइड फोनमध्ये झेडरॅम चालू असतं. मागे पडलेल्या अ‍ॅप्सची मेमरी दाबून रॅममध्येच ठेवतात, म्हणून परत उघडल्यावर अ‍ॅप लगेच समोर येतं. सॉफ्टरॅम९५ नं जे खोटं सांगून विकलं, ते आज लिनक्स कर्नलमध्ये खरोखर चालतंय, तेही फुकट आणि जाहिरातीशिवाय.

तर, टिक मारायची का?

आता शब्द दिल्याप्रमाणे उत्तर. एका वाक्यात: बहुतेकांनी नको, काहींनी जरूर, पण फोल्डर बघून.

तुमची डिस्क फोटो, व्हिडिओ आणि गाण्यांनी भरली असेल तर टिक मारून जवळपास काहीच हाती लागणार नाही. त्यापेक्षा नको असलेले व्हिडिओ उडवा. कोड, मजकूर, जुने प्रोजेक्ट्स, क्वचित उघडायच्या फाइल्स यांचं फोल्डर असेल तर फक्त त्या फोल्डरवर कॉम्प्रेशन लावा, चांगली जागा सुटेल. डेटाबेस, व्हर्च्युअल मशीन अशा सतत मधूनच बदलणाऱ्या फाइल्सना हात लावू नका, मशीन रेंगाळेल. फिरणाऱ्या जुन्या डिस्कवर दाबलेल्या फाइल्सचे तुकडे इकडेतिकडे विखुरतात, त्याचा त्रास होतो. एसएसडीवर तो त्रास खूपच कमी. आणि काहीही करण्याआधी बॅकअप. हा सल्ला १९९३ मध्येही बरोबर होता.

कॉम्प्रेशनमध्ये जागा फुकट कधीच मिळत नाही. जागेच्या बदल्यात तुम्ही काहीतरी देता: प्रोसेसरचा वेळ, थोडी मेमरी, थोडी गुंतागुंत. १९९० मध्ये जागा इतकी महाग होती की लोकांनी बदल्यात आपल्या डेटाची सुरक्षितताही पणाला लावली, आणि बहुतेकांना ती लावलीय हे माहीतही नव्हतं. आजचं चांगलं कॉम्प्रेशन तुमची जोखीम न वाढवता गुपचूप काम करतं, आणि फायदा नसेल तिथे स्वतःहून बाजूला होतं. म्हणून पुढच्या वेळी कुणी "फुकट दुप्पट" म्हणालं की एवढंच विचारा: बदल्यात माझ्याकडून काय जातंय?

तुमच्या लॅपटॉपमध्ये कुठलं फोल्डर सगळ्यात जास्त जागा खातंय, आज बघून घ्या. बहुधा डाउनलोड्स असेल.